त्याच्या ताटलीतला पहिला घास

कुत्र्याला जेवू कसं घालावं, असं कुणी मला विचारलं की मी विषय बदलते. परवा नातीनं विचारलं. तिनं शहरात एक केसाळ कुत्रं पाळलंय आणि ते म्हणे अन्नाकडे बघतही नाही. "आजी, तुझ्या माहेरी कुत्रा होता ना? तो काय खायचा?" मी म्हटलं, "देऊ ते खायचा," आणि मेथी निवडायला घेतली. खोटं बोलले. त्या कुत्र्याच्या जेवणाबद्दल मी आयुष्यात दोनदा खोटं बोलले आहे. पहिल्या खोट्याचं काय झालं ते मला पक्कं ठाऊक आहे, तरी हे दुसरं माझ्या तोंडून निघालंच.

आमचं गाव मूल गावाच्या पलीकडे, जंगलाला लागून. जिल्ह्याला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. चार बांध्या, म्हणजे बांधानं वेढलेली धानाची शेतं, घरामागे भाजीपाल्याची सांदवाडी, समोर तळं, आणि घरात आम्ही दोघंच, बाबा आणि मी. मी सहा वर्षांची असताना आई तापात गेली. बाबांनी दुसरं लग्न केलं नाही. मला न्हाऊ घालण्यापासून भरवण्यापर्यंत सगळं त्यांनीच केलं. वेणी मात्र अशी घालत की शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसत.

मोहफुलं वेचायच्या दिवसांत बाबा एकदा जंगलातून आले ते टोपलीत फुलांवर एक पिल्लू बसवून. त्याच्या आईला बिबट्यानं नेलं होतं. रंग मातकट, एक कान उभा, एक पडलेला. बाबा म्हणाले, "बाई, मोठा झाला म्हणजे धानातले डुकरं हाकलील." मोठा व्हायचा तर खायला हवं, आणि इथंच सगळं अडलं. पेज दिली, हुंगून बाजूला झाला. भात दिला, त्याच्यावर पाय देऊन पलीकडे गेला. मासोळीचं डोकं टाकलं तर ते उचलून दारामागे ठेवून आला, जणू उद्या पाहुणे येणार होते. गावातली बाकीची कुत्री उकिरड्यावर जिवाची मारामारी करत आणि आमचे हे महाराज नाक मुरडून पडवीत झोपलेले. बाबा वैतागत. "कोण्या साहेबाच्या बंगल्यातून आला हा? काऊन खात नाई?"

मी जिद्दीला पेटले. घरात सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून असेल. पेज थंड दिली तर तो शिवत नाही, कोमट दिली तर निदान जीभ लावतो, हे लक्षात आलं. वाळल्या मासोळ्या निखाऱ्यावर भाजून, कुटून वर भुरभुरवल्या तर दोन घास जास्त जातात, हेही कळलं. जागा रोज तीच, वेळ तीच, मधे काही टाकायचं नाही, नाही खाल्लं तर उचलून ठेवायचं. तरी पोट पाठीला लागलेलंच. एके दिवशी पेजेत मीठ पडलं की काय अशी शंका आली म्हणून मी त्याच्या जर्मन धातूच्या ताटलीत दोन बोटं घातली आणि चाखून पाहिलं. तो समोरच बसला होता, माझ्या तोंडाकडे टक लावून. मी गिळलं तसा उठला, ताटलीत तोंड घातलं आणि तळ दिसेपर्यंत थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम करून पाहिलं. मी आधी घास घेतला की खायचा, नाही घेतला की बसून राहायचा. मग रोजचाच नेम झाला. मी उकिडवी बसायची, त्याच्या ताटलीतला एक घास खायची, "मी खाल्ली, आता तू खा," म्हणायची आणि ताटली सरकवायची. तीन-चार महिन्यांत तो अंगानं भरला. रात्री बाबांबरोबर बांधीवर जायचा आणि डुकरांचा कळप आला की असा तुटून पडायचा की शेजारच्या शेतातली माणसंही त्याच्या भरवशावर झोपत.

कुत्र्याच्या ताटलीतलं मी खाते, हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. उष्टं म्हणजे उष्टंच, त्यातही कुत्र्याचं. मी सांदवाडीच्या कोपऱ्यात, कुडाच्या आड त्याला जेवू घालायची, बाबांनाही दिसू नये अशी. पण लाज हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं सांगायला मला आजही जड जातं. बाबा गावभर सांगत, "माह्या पोरीच्या हातचंच खाते तो, दुसऱ्याच्या हातचं नाई." बाया म्हणत, "इच्या हातात काईतरी आहे." मला ते फार आवडायचं. युक्ती सांगितली असती तर हाताचं कौतुक संपलं असतं, म्हणून मी ती कुणाला दिली नाही.

सतराव्या वर्षी वैशाखात माझं लग्न झालं. सासर वरोऱ्याकडचं, कापूस-ज्वारीच्या मुलखातलं. सासूबाई माळकरी, घरात मासोळीचा वासही चालत नसे. निघायच्या आठ दिवस आधीपासून मी बाबांना कुत्र्याचं सगळं शिकवलं. पेज किती कोमट, मासोळी किती कुटायची, ताटली कुठं मांडायची. बाबा चुलीपाशी बसून शाळेतल्या पोरासारखे मान हलवत. पहिल्या घासाचं तेवढं मी सांगितलं नाही. उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिले असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला पटवत होते. पण खरं असं की त्यानं माझ्यामागे थोडं अडून बसावं, घरात माझी उणीव भासावी, असं मला वाटत होतं. हट्टी कुत्र्यापेक्षा मीच जास्त हट्टी होते.

आषाढात धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकून झाले आणि रोवणीला अजून अवकाश होता, तेवढ्यात बाबा सासरी येऊन उभे राहिले. मूलपर्यंत पायी, तिथून आगगाडीनं चांदा, चांद्याहून वरोरा आणि पुढं पुन्हा पायी. पिंडऱ्यांपर्यंत चिखल. काखेत चिन्नोर तांदळाची पुरचुंडी. ओसरीच्या अगदी कडेला टेकले, सतरंजी टाकली होती तरी तिच्यावर बसले नाहीत. सासूबाई सुपात तूर निवडत होत्या, सासरे खाटेवर होते. माझी खुशाली विचारून झाली. मग बाबा थोडं घुटमळले आणि म्हणाले, "बाई, कुत्रा खाऊन नाई राह्यला. तू सांगतलं तसंच करतो मी. पेज कोमट, वरून मासोळी. हुंगते आन् माह्या तोंडाकडे पाह्यत बसते. तू आखीन काई करत होतीस का?"

मासोळीचं नाव निघताच सासूबाईंचा सुपातला हात थांबला होता. सासरे हसले. "लोकं पोरीसाठी येतात, तुमी कुत्र्यासाठी आले का भाऊ?" बाबाही ओशाळून हसले. पण नजर माझ्यावरच होती.

एक वाक्य पुरलं असतं. "मी त्याच्या ताटलीतला एक घास आधी खात होते." लग्नाला दोन महिने झाले होते. धानाच्या मुलखातली, मासोळी खाणारी म्हणून पाण्याच्या घागरीला हात लावतानाही माझ्या बोटांकडे पाहिलं जायचं. या घरात, या ओसरीवर, मी कुत्र्याचं उष्टं खात होते असं बोलायचं? निदान निघताना दारापर्यंत जाऊन हळूच सांगता आलं असतं. तेवढी अक्कल मला होती. हिंमत नव्हती.

मी म्हटलं, "नाही बाबा. आणखी काही करत नव्हते. लाडावलाय तो. उपाशी ठेवा. भूक लागली की आपोआप खाईल."

"उपाशी ठेवू म्हणतेस?"

"हो. चार दिवस काहीच देऊ नका."

बाबांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. वैद्यानं औषध सांगितल्यासारखं त्यांनी ते दोनदा पुटपुटलं. "चार दिवस काईच नाई द्यायचं. तू म्हणतेस तं खरंच असन." भाकर खाल्ली, पाणी प्यायले आणि दिवस मावळायच्या आत स्टेशन गाठायचं म्हणून निघाले. मी दारातून पाहत होते. वळणावर त्यांनी मागं पाहून हात केला. मी लगेच आत गेले, चूल विझत होती म्हणून.

पहिल्या दिवाळीला न्यायला तेच आले. आगगाडीत आम्ही धानावर बोललो, पावसावर बोललो, शेजारच्या बाईच्या नातवावर बोललो. कुत्र्याचं मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही. गावच्या वाटेला लागल्यावर मी उगाच भराभर चालत होते. तळ्याच्या पाळीवर चढलं की तो धावत यायचा. आला नाही. अंगणात पोचले तर जर्मनची ताटली घासून पुसून कुडाच्या खुंटीला पालथी टांगलेली दिसली.

बाबांनी स्वतः रांधलं होतं. नवा भात, तळ्यातली मासोळी, अंबाडीची भाजी. मला पाटावर बसवून त्यांनी ताट वाढलं आणि मगच सांगितलं, जेवणाआधी सांगू की नंतर असा त्यांचा स्वतःशीच वाद चाललेला मला दिसत होता.

"गेला तो, बाई. रोवणी सरली त्या आठवड्यात. तू सांगतलीस तसाच केलो मी. चार दिवस काईच नाई देलो. पाचव्या दिवशी पेज मांडलो, मासोळी जास्त टाकलो. तरी तसाच. माह्या तोंडाकडे पाहे. काय मागून राह्यला तेच मले समजेना. कधी दोन घास घ्यायचा, कधी तेबी नाई. पाण्यापावसात माह्या मागं बांधीवर यायचा, आन् अंगात तं काईच नाई उरलं. एक दिवस उठलाच नाई."

मी विचारलं, "तुम्ही जेवत होता ना नीट?" काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं.

"त्याच्या पुढ्यात कसा जेवू? तो उपाशी बसला आन् मी घास घेऊ? मागं सांदवाडीत जाऊन खात होतो मी, कुडाच्या आड. त्याले दिसू नये म्हणून."

त्याच कुडाच्या आड. ते ज्या जागी त्याच्यापासून लपून जेवत होते, त्या जागी मी सगळ्यांपासून लपून त्याच्याबरोबर जेवत होते. बाबांनी त्याच्यासमोर बसून एक घास खाल्ला असता तर त्यानंही खाल्लं असतं. त्याची दया आली म्हणूनच ते खात नव्हते.

तो भुकेनं गेला, पावसानं गेला की पोटात काही दुखणं होतं, कोण सांगणार? आजार असेल, असं मी स्वतःला किती वेळा सांगून पाहिलं. मन ऐकत नाही. तो बाबांच्या तोंडाकडे बघत बसायचा, हे ऐकल्यावर कसं ऐकेल?

तेव्हा तरी सांगायचं होतं. मी तोंड उघडलंही. पण बाबाच म्हणाले, "तू मनाले लावून घेऊ नोको. तुले माहीत होतं तेवढं तू सांगतलीस." पुढं बाबा वीस वर्षं जगले. दरवर्षी मी माहेरी जात होते, दरवर्षी ठरवून जात होते, आणि ते जाईपर्यंत त्यांना हे सांगितलंच नाही.

त्या दिवशी ताटावर मी तशीच बसून राहिले. भात निवला. बाबांनी दोनदा "जेव" म्हटलं. मग ते चुलीपासून उठले आणि माझ्यासमोर येऊन उकिडवे बसले. माझ्या ताटातला भात त्यांनी चार बोटांनी कालवला, एक घास स्वतःच्या तोंडात टाकला, मला दाखवून चावला, गिळला. ताट माझ्याकडे सरकवलं.

"पाह्य, मी खाल्लो. आता तू खा."

आई गेली त्या वर्षी मी अशीच तोंड मिटून बसायची, आणि बाबा अगदी असंच करायचे. रोज, दोन्ही वेळा. मी ते साफ विसरले होते. माझ्या हाताची म्हणून जी युक्ती मी जपली, ती त्यांचीच होती. कुत्र्यालाही तशीच लागते, एवढंच त्यांना कुणी सांगायला हवं होतं.

मी खाल्लं. ताट बोटानं पुसून खाल्लं. बाबांना फार बरं वाटलं.

"पाह्य, खाल्लीस ना," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.