ओढ्यावरची वीज

अण्णांचं खरं नाव त्यांच्या लग्नपत्रिकेवर छापलं गेलं, तेवढंच. एरवी गावाने त्यांना डायनामोअण्णा करून टाकलं होतं.

गावाच्या वरच्या अंगाला ओढा होता. ओढ्याला बंधारा, बंधाऱ्यातून काढलेला पाट, पाटाच्या शेवटी उतारावरून खाली येणारा जाडजूड लोखंडी नळ आणि नळाच्या तोंडाशी एक पत्र्याची खोली. त्या खोलीत पाण्याच्या जोरावर एक चाक फिरायचं, चाकावरचा पट्टा डायनामो फिरवायचा आणि गावातले दिवे लागायचे. मोठी लाइन अजून डोंगराच्या पलीकडेच होती. गावाची वीज काय ती एवढीच, आणि तिला सांभाळणारे अण्णा एकटे.

पाटाच्या जाळीत पानं-काटक्या अडकल्या की गार पाण्यात हात घालून त्या काढायच्या, बेअरिंगला ग्रीस भरायचं आणि दिवेलागण झाली की भिंतीवरच्या मीटरच्या काट्याकडे डोळे लावून बसायचं. काटा खाली आला म्हणजे कुणीतरी जास्तीचं काही लावलं. मग हातचाक फिरवून पाणी वाढवायचं. काटा वर चढला की पाणी कमी करायचं. रात्री वीज बंद करण्याआधी अण्णा दिवे एकदा मंद करून पुन्हा नीट करायचे. तेवढ्यावरून गाव ओळखायचं, की आता अंथरुणं घालायला हरकत नाही.

अण्णांची बायको मोठ्या शहरातली. माहेरी चोवीस तास वीज, त्यामुळे वीज भिंतीतच असते अशी तिची समजूत. लग्नाला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा एका संध्याकाळी तिने ट्रंकेतून विजेची इस्त्री काढली, नवऱ्याचा शर्ट पसरला आणि पिन खोचली. तिकडे काटा धाडकन खाली आला. गावभरचे दिवे मंद, लालसर झाले. अण्णांनी हातचाक शेवटपर्यंत फिरवलं, तरी काटा उठेना. हा कुणाचा प्रताप, याचा ते विचार करत होते, तोवर शेजारच्या काकूंनी नव्या सुनेच्या हातून इस्त्री काढून घेतलीसुद्धा. दुसऱ्या सकाळपासून ती साऱ्या गावाची इस्त्रीवहिनी झाली.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती कुणाशी धड बोलेना, पाण्याला जायची तीसुद्धा सगळ्या बायका येऊन गेल्यावर. अण्णांनी तिला समजावलं वगैरे काही नाही. तो शर्ट, अर्धा कडक आणि अर्धा चुरगळलेला, तसाच अंगात घातला आणि बाजारात चक्कर मारून आले. कुणी विचारलं तर सांगायचे, आमच्याकडे पाणी एवढंच आलं. ते ऐकून तिला हसू फुटलं, आणि मग तिचं गावात जमलं.

पुढे त्यांना मुलगा झाला, तो चालायला लागला, आणि त्या वर्षी पावसाने ओढ दिली. ओढा इतका आटला, की सगळ्या घरांतले दिवे लागले की एकेक दिवा विझत्या निखाऱ्यासारखा दिसायचा. नेमकी मोठी परीक्षा तोंडावर आलेली. लांबच्या वस्त्यांवरची मुलं अभ्यासासाठी शाळेच्या हॉलमध्ये मुक्कामाला होती. मुख्याध्यापिका, म्हणजे गावाच्या हेडबाई, चढ चढून पत्र्याच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, मुलं डोळे फोडून घेताहेत, काहीतरी करा. अण्णांनी त्यांना बंधारा दाखवला. पाणी आहे ते असं आहे, म्हणाले. शाळेला पुरेल किंवा गावाला.

हेडबाईंनी घरोघर निरोप धाडला. परीक्षा होईपर्यंत शाळेची घंटा वाजली की घरातले दिवे बंद करायचे. स्वयंपाक, जेवणं, काय असेल ते त्याआधी उरका. गाव कबूल झालं. जरा जास्तच कबूल झालं. पहिल्या संध्याकाळी घंटा वाजली मात्र, आणि साऱ्या गावाने एका दमात दिवे मालवले. ओझं एकदम उतरल्यावर चाक उधळलं. अण्णा हातचाकाला झोंबले, पण ते जड चाक फिरेपर्यंत शाळेतले दिवे लख्ख झाले आणि फटाफट उडाले. गाव अंधारात, शाळाही अंधारात. मुलांनी टाळ्या वाजवल्या. हेडबाईंनी वाजवल्या नाहीत.

अण्णा घरी आले ते मान खाली घालून. जेवायलाही बसेनात. वहिनीने त्यांच्या तोंडून सगळं काढून घेतलं आणि ती म्हणाली, "सगळ्यांनी एकदम कशाला? एकेक गल्ली बंद करू. माझी इस्त्री तेवढी सगळ्यांच्या लक्षात राहिली, आता हेही राहू दे."

दुसऱ्या दिवशी ती घरोघर फिरली. वरची गल्ली आधी. वर अंधार दिसला की मधली. मधल्या गल्लीत अंधार झाला की खालची. म्हणजे अण्णांना पाणी हळूहळू कमी करायला सवड मिळेल. शाळेचे उडालेले बल्ब कुठून आणायचे, हा प्रश्न तर आपोआपच सुटला. नाहीतरी आमचा बंदच राहणार, असं म्हणत लोकांनी आपापल्या घरचा एकेक बल्ब काढून दिला. त्या संध्याकाळी अण्णांनी खोलीच्या दारातून पाहिलं, तर गाव वरून खाली पायरी-पायरीने विझत गेलं आणि शेवटी शाळेच्या खिडक्या तेवढ्या पिवळ्याधमक उरल्या.

अंधारात घरात बसून करायचं काय? लोक बाहेर येऊन बसायला लागले. कुणी पायरीवर, कुणी खाट टाकून. एरवी दिवा लागला की दारं लोटून घेणारी माणसं एकमेकांची वर्षानुवर्षांची खबर घेऊ लागली. चक्कीवाला इतका छान गातो, हे त्याच्या बायकोलासुद्धा तेव्हाच कळलं.

एक दिवस मात्र सगळं विझल्यावर काटा खाली आला. थोड्या वेळाने वर चढला. दुसऱ्या दिवशीही तेच. कुणीतरी चोरून विजेची शेगडी लावत होतं. गावात कुजबुज झाली आणि सगळ्यांचा रोख दवाखान्यातल्या कंपाउंडरवर. माणूस घुमा, कुणात न मिसळणारा. अण्णा तापले. उद्या त्याची तारच कापतो म्हणाले. वहिनी म्हणाली, आधी मी जाऊन येते.

ती गेली तेव्हा कंपाउंडरने दार अर्धवट उघडलं. आत त्याची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, अंगाखाली ओलं, आणि हा एकटा शेगडीवर पाणी तापवतोय. बाईमाणूस घरात नाही, कुणाला सांगायची लाज वाटते, लाकडं फोडून चूल पेटवेपर्यंत आई थंडीने कुडकुडते, असं तो तुटक तुटक बोलला. वहिनीने पदर खोचला. आधी म्हातारीला कोरडं केलं. मग त्याला म्हणाली, "भाऊजी, माझी चूल जेवणानंतरही तापलेलीच असते. पाणी उद्यापासून माझ्याकडून येईल. तुम्ही फक्त कळशी आणून ठेवा."

त्यानंतर काटा हलला नाही. अण्णांनी तार कापायची गोष्ट पुन्हा काढली नाही. उलट ते कधी मोकळे असले की कळशी स्वतः पोचवायचे. म्हातारी पुढे फार दिवस राहिली नाही, पण गेली ती गरम पाण्याने न्हाऊन, माणसांमध्ये. कंपाउंडर त्यानंतर बाहेर येऊन बसायला लागला. बोलायचा नाही, पण बसायचा.

परीक्षा झाली. बरीचशी मुलं पास झाली, काही राहिली. पाऊस आला, ओढा भरला, घराघरांत दिवे लागले आणि दारं पुन्हा लोटली गेली.

काही वर्षांनी डोंगर ओलांडून मोठी लाइन आली. अण्णांनाही आनंद झाला. खोटं कशाला बोला. वहिनीने त्या दुपारी घरातला एकूण एक कपडा इस्त्री केला, पुसायची फडकीसुद्धा. पण संध्याकाळी अण्णांचे पाय सवयीने पाटाकडे वळले. जाळीत पानं साचली होती. त्यांनी ती काढली, पुन्हा थोडी साचेपर्यंत तिथेच बसले आणि तीही काढून घरी आले.

त्यांना लाइनमनचं काम मिळालं, ते त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. पत्र्याची खोली गंजत गेली. आता त्यांचे केस पांढरे झाले आहेत आणि शाळेच्या छतावर सौर पॅनल बसली आहेत. मध्यंतरी शाळेतल्या बाई एक वर्ग घेऊन ओढ्यावर आल्या, तेव्हा अण्णांना मुद्दाम बोलावलं. मुलांनी चाकाला हात लावून पाहिला, डायनामोत पाखरांनी केलेलं घरटं पाहिलं. दिवे मंद झाले की लोक तुमच्यावर रागवायचे का, असं एका मुलीने विचारलं.

"रागवायचे ना," अण्णा म्हणाले. "इथवर चढून येऊन रागवायचे. मग दम लागलेला असायचा, म्हणून बसायचे. मी पाणी द्यायचो."

मुलं हसली. बाईंनी पुढचं काहीतरी सांगायला सुरुवात केली. अण्णा मात्र दारातून खाली गावाकडे बघत राहिले. भर दुपारी कुणाच्या तरी ओट्यावरचा दिवा जळत होता. कुणाचा, ते या उंचीवरून ओळखू येत नव्हतं. पूर्वी आलं असतं. घरी गेल्यावर त्यांनी हे वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, नव्या बिऱ्हाडाचा असेल, उद्या सहज जाऊन ओळख करून घेते.