डाळ शिजणारं पाणी

त्याच्या घरी मी शेवटचा जेवलो तो डाळभात. डाळ शिजवली होती श्रीवर्धनकडच्या एका विहिरीच्या पाण्यात.

हा माझा बेडशातला शेजारी. लोणावळ्यात चिक्की कापतो आणि बोलतानाही अंगठ्यानं मांडीवर चौकोन पाडत बसतो. बायकोला समुद्राकाठी राहायचंय, म्हणून स्वस्तातलं घर शोधतोय. "अलिबाग झेपायचं न्हाई, आबा. लय लांब जावं लागंल." घर बघितलं की तिथल्या विहिरीचं पाणी कॅन भरून आणतो. मचूळ पाण्यात तूरडाळ शिजत नाही. दोन घरं त्यानं तेवढ्यावर सोडली.

माझी बायकोही एकदा म्हणाली होती, समुद्र दाखवा. मी म्हटलं, खाऱ्या पाण्यात काय बघायचंय? गेल्या वर्षी ती गेली.

माझी उमर हाटेलाच्या भटारखान्यात गेली, म्हणून निवाडा माझ्याकडं. डाळ लोण्यासारखी शिजली होती. त्याची बायको वाढताना हसत होती, तो तिच्याकडं बघत होता. मला ते बघवेना.

"डाळ शिजली, पर पाणी मचूळच हाय," मी म्हणालो.

"मला तर गोड लागलं," ती म्हणाली.

"आबा म्हणत्यात म्हंजी हाय," तो तिला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माझ्याच ओट्यावर बसून, अंगठ्यानं फरशीवर चौकोन पाडत, एजंटाला फोन करून घर नको म्हणून सांगितलं. उरलेलं पाणी गटारात ओतलं आणि रिकामा कॅन माझ्या दारात ठेवला.

"रविवारी तुमीच संगं चला, आबा. समुद्रबी बघून व्हईल."