लाइनमनचे पाच शब्द

कॉव्हेंट्रीत जीपी म्हणून नवा होतो तेव्हा रविवारी मी अमेरिकन फुटबॉलच्या एका टीमचा डॉक्टर असायचो. इथं इंग्लंडमध्ये तो हौशी खेळ. पहिल्यांदा ज्या थोड्यांना पगार मिळू लागला, त्यातला एक आमचा लाइनमन. लाइनमनच्या हातात बॉल जवळजवळ कधीच येत नाही. समोरच्याला अंगावर घ्यायचं, डोक्याला डोकं आपटून, एवढंच त्याचं काम.

सीझनआधी प्रत्येकाची चाचणी मी घ्यायचो. पाच शब्द सांगायचे, दहा मिनिटांनी विचारायचे, किती आठवले ते कागदावर लिहून सही करायची. पुढे डोक्याला मार बसला की पुन्हा तेच. आकडा घसरला तर खेळाडू बाहेर. लाइनमनला दोनच आठवले.

"आत सगळं हाडच आहे, डॉक. शब्द ठेवू कुठं?"

सगळे हसले.

नंतर कार पार्कमध्ये माझ्या काचेवर टकटक झाली. "लोणी, बाहुली, पूल, लिंबू, खुर्ची," तो म्हणाला आणि डोळा मारला. आधीच आकडा कमी असला की पुढे घसरणार कुठून? त्याला बाहेर बसायचं नव्हतं. कागद माझ्या बॅगेत होता. तिथंच फाडायला हवा होता. मीही हसलो. खरं सांगतो, मला बरं वाटलं. त्या टीममध्ये मला आपला समजून कुणी काही सांगायची ती पहिलीच वेळ.

त्या सीझनमध्ये तीनदा तो पडून उठला आणि भलत्याच बाजूला चालू लागला. तिन्ही वेळा दोन शब्द आठवले. "नेहमीसारखाच आहे," मी कोचला सांगितलं.

इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात, त्याची बायको माझ्या दवाखान्यात आली. तो बाहेर बसला होता. क्लबकडून मागवलेला तो कागद तिच्या हातात होता.

"मेमरी क्लिनिकवाले म्हणतात, तेव्हाही दोन, आताही दोन. सहा महिन्यांनी या. म्हणजे हा पहिल्यापासून असाच, हो ना डॉक्टर? मीच उगाच घाबरले."

हो म्हटलं असतं तर ती निवांत घरी गेली असती.

"नाही," मी म्हणालो. "हा आकडा खोटा आहे. मला माहीत होतं." मग कार पार्कचं सगळं सांगितलं.

"किती आठवले होते त्याला?"

"पाचही. ओळीनं."

"आणि त्याला परत मैदानात पाठवलंत, तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं."

तिनं कागद माझ्यापुढे सरकवला. "दोन खोडा. पाच लिहा. का ते लिहा. सही करा. आता सहा महिने थांबायचं नाही."

लिहिलं. एक प्रत क्लिनिकला गेली. दुसरी, माझं लायसन्स ज्यांच्या हातात आहे त्यांना मीच पाठवली.

बाहेर मला बघून तो उठला. "डॉक!" म्हणत त्यानं तो भलामोठा पंजा पुढे केला. मी हात पुढे करायच्या आत तिनं त्याचा हात धरला आणि कोटाच्या बाहीत घातला.