अर्धी टाकी

आमच्या सोसायटीकडं एक गाडी होती, तिला लोक गोम म्हणायचे. नाव ठेवणाऱ्याची नजर चांगली होती. पुढं लोखंडी साखळ्यांवर चालणारा जुना ट्रॅक्टर, मागं तसल्याच साखळ्यांवरची ट्रॉली आणि दोघांना जोडणारी मनगटाएवढी जाड पिन. त्या पिनेवर दोन्ही अंगं हवी तशी वळायची. जिथं बैलगाडीचं चाक मोडतं तिथं ही बाई आरामात जायची. आराम तिला, वर बसणाऱ्याच्या पाठीचं विचारू नका.

वर बसायचा बलभीम सरवदे. बाहत्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहता वाहता तो डोझरवाल्याच्या नजरेत भरला. आधी पुसायला, मग डिझेल ओतायला, मग दांडे हातात घ्यायला. तलावात पुढं पाणी किती साठलं ते सोडा, पण बलभीम ड्रायव्हर झाला. सोसायटीनं लिलावात गोम घेतली तेव्हा त्याला बोलावून घेतलं. कारखान्याची अवजड यंत्रं, विहिरीचे पाइप, पुलाचे दगड, सगळं त्यानं माणसाच्या चालीनं ओढलं. साखळ्यांच्या खडखडाटानं त्याचे कान कायम वाजायचे. संध्याकाळी चहाची बशी उचलली की निम्मा चहा शर्टावर, कारण गाडी थांबली तरी त्याचे हात थांबायचे नाहीत. मी चन्नबसप्पा, सोसायटीचा फिटर. मोडलं की जोडायचं आणि सोबत जायचं, हे माझं काम.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात गोमेवर पाण्याची टाकी बसवली. अणदूरजवळच्या विहिरीवर भरायची आणि दोन ठिकाणी द्यायची. वाटेत बाभळवाडी. तिथून पुढं खडकाळ चढ, आणि चढावर माळाच्या गायरानात बलभीमची वस्ती. छप्पन्न साली बौद्ध झालेली घरं ती. तिथं त्याची आई, जाईबाई, एकटी राहायची. टँकर बाभळवाडीपर्यंतसुद्धा नीट पोचत नव्हता, चढाचं तर नावच नको.

आता पाण्याचं एक आहे. टाकी तोंडापर्यंत भरलेली असली की पाणी गप्प बसतं. अर्धी झाली की ते आत हेलकावे खातं आणि चढावर सगळं एकदम मागं जाऊन पिनेला हिसका देतं. आत पत्र्याचे पडदे घातले असते तर हा त्रास नव्हता, पण ते संचालकांच्या पुढच्या बैठकीवर ढकललं होतं, आणि पुढची बैठक आमच्याकडं नेहमी पुढचीच असते. म्हणून बलभीम भरलेली टाकी आधी वर न्यायचा आणि उतरताना बाभळवाडीला द्यायचा. उतारावर टाकी ट्रॅक्टरच्या पाठीवर टेकते, पिनेला ओढ बसत नाही.

बाभळवाडीला हे पटत नव्हतं. पोलीस पाटील आबाराव रोज रस्त्यात उभे राहायचे.

"आपल्याच लोकांला आधी व्हय रं बलभीम?"

"तसं न्हाय आबा. चढाला टाकी भरलेली लागती."

"आमाला काय कळत न्हाय व्हय?"

खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते कुणी तोंडानं बोलत नव्हतं. वरच्या वस्तीनं आधी घागरी लावलेल्या नळाचं पाणी आपण प्यायचं, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. बाभळवाडीत नळ नेहमी मी पान्ह्यानं उघडायचो. बलभीमनं आणलेलं पाणी चालायचं, त्यानं उघडलेला नळ चालायचा नाही. तो आपला भर उन्हात सीटवर बसून राहायचा, दुसरीकडं बघत. मला असा संताप यायचा की हातातला पान्हा कुणाच्या तरी डोक्यात घालावा. त्याला यायचा की नाही कोण जाणे. तो फक्त थकलेला दिसायचा.

हे टोमणे महिनाभर चालले. गाडी ओढून माणूस जितका दमत नाही तितका तेच ते सांगून दमतो. एका सकाळी बाभळवाडीच्या पारापाशी त्यानं गोम थांबवली.

"चन्नाप्पा, नळ उघड. आज हितं आधी."

"येडा झालास का? चढावर काय करशील?"

"हळू घेतो. लोकांचं तोंड तरी बंद हुईल. माझ्याच्यानं रोज ऐकवत न्हाय आता."

अख्खी बाभळवाडी खूश झाली. आबाराव त्याला पहिल्यांदा "शाणा हायस" म्हणाले. अर्धी टाकी घेऊन आम्ही चढाला लागलो. बलभीमनं खरोखरच मुंगीच्या पावलानं घेतली. तरी निम्म्या चढावर डाव्या अंगाची साखळी खडकावर चढली, आतलं पाणी धाडकन मागं गेलं आणि पिन तुटली. मी ट्रॉलीवरून उडी टाकली. ट्रॉली घसरत मागं गेली, एका दगडाला थडकून कलंडली आणि टाकीचा सांधा उसवला.

वस्तीतल्या बाया चढाच्या माथ्यावर घागरी घेऊन वाटच बघत होत्या. त्या धावत खाली आल्या. पण मे महिन्याचा माळ तो, पाणी कुठं राहतंय! खडकाच्या खळग्यांत जे थोडं साचलं ते त्यांनी वाटीनं, तळहातानं गोळा केलं. गढूळ, डिझेलचा वास मारणारं पाणी. तरी सांडू नये म्हणून पदरानं झाकून नेलं. मला ते बघवेना.

बलभीम सीटवरून उतरलाच नाही. जाईबाई गुडघ्यांवर हात टेकत तिथवर आली.

"लागलं का रं कुठं?"

"न्हाय, माय."

"खाली आधी वाटलंस?"

"व्हय."

"का?"

"लोक म्हन्त्यात, आपल्याच मानसांला आधी देतो."

जाईबाईनं आवाज चढवला नाही.

"मंग आमी मानसं न्हाय व्हय? त्यांनी तुला चांगलं म्हनावं म्हनून आमी तान्हेलं ऱ्हायचं?"

बलभीमनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एवढा बाप्या माणूस, लेकरासारखा रडला. मी पान्ह्यांची पिशवी आवरत बसलो, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

नवी पिन सोलापुरातून घडवून येईपर्यंत आणि टाकीचा सांधा जोडून होईपर्यंत वर पाणी नव्हतं आणि खालीही नव्हतं. वस्तीतल्या बाया दरीतल्या बोटभर धारेच्या झऱ्यावर रांगा लावत होत्या. आबाराव दोनदा आमच्या शेडवर येऊन गेले. "लेकरं रडायलीत," म्हणाले. बलभीम त्यांना एवढंच म्हणाला, "व्हय आबा. वर बी रडायलीत."

गोम पुन्हा निघाली त्या दिवशी बाभळवाडीच्या बाया रस्त्यावर घागरी मांडून बसल्या होत्या. आबारावांनी हात वर केला. बलभीमनं गाडी थांबवली आणि त्या गावात पहिल्यांदाच खाली उतरला. माझ्या हातातला पान्हा त्यानं काढून घेतला.

"आधी वर जातो. येताना तुमाला देतो. आन नळ म्या उघडनार. ज्याला चालत न्हाय त्यानं आताच घागर उचलावी."

रागानं नाही, अगदी थकलेल्या आवाजात बोलला. एक म्हातारी घागर उचलून निघून गेली. बाकीच्या खाली बघत बसून राहिल्या. आबारावांनी हात खाली घेतला.

भरलेली टाकी चढावर गप्प राहिली. माथ्यावर सगळ्यांत पुढं जाईबाई होती. बलभीमनं नळ उघडला. तिनं आधी ओंजळ धरली आणि तिथंच उभ्या उभ्या प्याली, खूप वेळ, डोळे मिटून. मग घागर भरली, मागच्या बायांच्या भरू दिल्या. टाकी निम्मी व्हायला आली तसं शेवटच्या दोघीतिघींनी दुसऱ्या घागरी पुढं सरकवल्या. जाईबाईनं त्या मागं सारल्या आणि लेकाला म्हणाली,

"बस झालं. बंद कर नळ आन जा खाली. तिथं बी लेकरं हायती."