फोन थांबवून अर्थ सांगणारी नीलम्मा

नीलम्मा, तुझ्याबद्दल लिहायचं तर तुझ्या तोंडावरच लिहिते. मागून बोलायची मला सवय नाही. शिवाय दुपारी तुझ्या दुकानामागं जमणाऱ्या बायका माझं ऐकून घेतील, याची खात्रीही नाही.

धर्मापुरीत माझ्या वयाची दुसरी बी. ए. झालेली बाई दाखव. उभा जन्म शाळेत इतिहास शिकवला. फोनवरचे माहितीपट मीही बघते, तुझ्या आधीपासून बघते. पण "कसा होता?" हे गाव विचारतं तुला. सातवीत शाळा सोडलेल्या किराणावालीला!

तुझी रीत कुठून आली ते मला ठाऊक आहे. तुझे वडील मन्मथप्पा श्रावणात मठात बसायचे. एकजण पोथी वाचायचा, ओवी संपली की थांबायचा, आणि मन्मथप्पा अर्थ सांगायचे. तुझ्या पोरानं, रुद्रेशनं, फोनवर सगळं लावून दिलं आणि तू तेच सुरू केलंस. जरा वेळ चित्र, मग बोट ठेवून थांबवायचं, मग अर्थ. मालिका संपली की खोबरं-साखर. खुनाच्या माहितीपटाचाही प्रसाद! आणि बायका तो कपाळाला लावून खातात.

मतं तर काय एकेक. "चार भाग कशापायी केले? खुनी पहिल्याच भागात घाम पुसतोय. लई पाणी घातलंय." पेंग्विनांचा माहितीपट बघून म्हणालीस, "बाप अंडं सांभाळतोय. आमच्या ह्यांना दाखवा." गल्ल्यावरून ते खाकरले. स्टँड-अपवाल्या पोराला तर फोनमध्येच झापलंस, "बायकोवर झालं, सासूवर झालं. आता स्वतःवर एक कर की बे!"

हे सगळं मलाही सुचलं होतं. फक्त मला कुणी विचारलं नाही.

मग तू परळीला लग्नाला गेलीस. कौशल्याबाई चार-पाच जणींना घेऊन माझ्या दारात आली. "बाई, आज तुमी सांगा." मी पातळ बदललं, नीलम्मा. चहा टाकला. तोच पोरगा लावला. तो सांगत होता, आईबद्दल बोलायला मी डॉक्टरला तासाचे पैसे देतो. मी थांबवलं. मानसोपचार म्हणजे काय, तो कुठं सुरू झाला, कसा चालतो, सगळं नीट समजावलं. कुणी हसलं नाही. तुळजाबाईला पेंग आली. उठताना कौशल्याबाई म्हणाली, "चहा लई चांगला होता, बाई."

तू परत आल्यावर त्यांनी तेच पुन्हा लावलं. मीही होते, मागं, गव्हाच्या पोत्याला टेकून. त्याच वाक्याला तू थांबवलंस. "पैसे देऊन आईचं गाऱ्हाणं सांगतोय, येडं! धर्मापुरीला ये म्हणावं. आमी फुकट ऐकतो, वर चार आमचीबी सांगतो." तुळजाबाई डोळे पुसपुसून हसली. अर्थ चूक होता, नीलम्मा. साफ चूक. मी तसं म्हणणार होते, तेवढ्यात माझंच हसू फुटलं. त्याचा राग अजून गेला नाही.

तेवढ्यात वजनाच्या मापाला टेकवलेला तुझा फोन घसरून गुळाच्या ढेपेवर पडला. तू माझ्याकडं वळलीस. "बाई, तुमच्या सासऱ्यांची पोथी ठिवायची लाकडी घोडी माळ्यावर हाय नव्हं? तेवढी आणा की, फोन ठिवायला."

"आणते," म्हणाले.

काढली. तेल लावून पुसली. पिशवीत घालून तुझ्या दुकानापर्यंत आलेही. आतून हसणं ऐकू आलं. तुझ्या नवऱ्याकडून एक काडेपेटी घेतली आणि तिथूनच वळले.

परवा पुन्हा विचारलंस, "सापडली का, बाई?"

"शोधतेय."

माझ्या खाटेजवळ आहे ती. माझा फोन तिच्यावर छान उभा राहतो. तुझ्या फोनला अजून गूळ लागतो म्हणे. लागू दे.