भीतीचं पेट्रोल

अकरा नोव्हेंबरला मेहुण्याच्या मोटरसायकलचं बिल झालं अठरा हजार चारशे पन्नास. नवा सायलेन्सर, मोकळा एअर फिल्टर आणि या दोन्हींना साजेल असा इंजिनाचा कॉम्प्युटर नव्याने जुळवून देण्याची मजुरी, सगळं धरून. मेहुण्याने अठरा हजार मोजून दिले आणि बिलाची घडी खिशात सारताना म्हणाला, "वरचे साडेचारशे ताईकडून घ्या, दाजी."

दाजींना हसू आलं नाही. कारण ताईला, म्हणजे त्यांच्या बायकोला, यातलं अक्षर माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी हा भाऊ गाडीवरून घसरला आणि खांद्याचं हाड मोडून महिनाभर बहिणीकडे पडून राहिला. तेव्हाच तिने नवऱ्याला बजावलं होतं, "जगाच्या गाड्या पळवा. माझ्या भावाच्या गाडीला हात लावायचा नाही." त्यांनी मान डोलावली होती. म्हणून त्या संध्याकाळी दुकानाचं शटर खाली ओढलेलं होतं. कामावरून घरी जायचा तिचा रस्ता दुकानापुढूनच होता.

बाजारात त्यांना सगळे 'सावकाश' म्हणत. गाडी ताब्यात देताना ते प्रत्येकाला हा एकच शब्द सांगत, तोच त्यांना चिकटला. पूर्वी ते रेडिओ दुरुस्त करायचे. मोटरसायकलींमध्ये कॉम्प्युटर आले तेव्हा मेकॅनिक लोक त्याला हात लावायला बिचकले आणि गाड्या यांच्याकडे येऊ लागल्या. पुढे त्यांनी कर्ज काढून रोलर बसवला. त्याच्यावर गाडी बांधून पूर्ण वेगाने पळवायची आणि लॅपटॉपवर आकडे बघायचे. गाडी कितीही धावली तरी जागची हलत नाही, हा त्या यंत्राचा गुण त्यांना फार आवडे. स्वतः ते सायकलवर ये-जा करत, तीही उताराला हातात धरून.

तर काम असं, की सायलेन्सर आणि फिल्टर बदलले की इंजिन जास्त हवा ओढतं. त्या हवेला पुरेल एवढं पेट्रोल कॉम्प्युटरने द्यायला हवं. कमी दिलं तर इंजिन आतून तापतं, आणि गाडी लांबवर पूर्ण पिळून ठेवली तर पिस्टन वितळायला लागतो. सावकाश वरच्या टोकाला, म्हणजे पूर्ण वेगाला, लागेल त्याहून थोडं जास्तच पेट्रोल ठेवत. पोरं कुरकुरत की शेवटी गाडी जड जाते. "जाऊ दे जड," ते म्हणत.

मेहुण्याने त्याला नाव ठेवलं होतं, भीतीचं पेट्रोल.

"माझ्या गाडीत तुमची भीती नको, दाजी," तो त्या संध्याकाळी म्हणाला. "जेवढं लागतं तेवढंच घाला. लोक मला विचारतात, तुझे दाजी एवढे मोठे कारागीर, मग गाडी बैलासारखी का?"

"बैल घरी परत तरी येतो."

"बघा, म्हणजे भीतीच."

शटर बंद, कोंडलेला धूर, कानाशी मेहुण्याची कटकट, बायको कधी येईल याची धास्ती. सावकाशांनी जास्तीचं पेट्रोल काढून टाकलं. मेहुणा खूश झाला. "सकाळी आईकडे निघतोय. मोठ्या रस्त्यावर शेवटपर्यंत पिळून बघतो आणि सांगतो."

दुसऱ्या दिवशी औषधांचा दुकानदार आपली गाडी तपासायला घेऊन आला. कंपनीतून आली तशीच साधी गाडी, स्क्रूसुद्धा बदललेला नाही. तिचे आकडे सावकाशांना तोंडपाठ होते. त्यांनी ती रोलरवर चढवली, धूर मोजणारी नळी सायलेन्सरमध्ये घातली, थ्रॉटल पिळला आणि आकड्यांकडे बघत राहिले.

आकडे चुकीचे होते. कधी नव्हे ते गाडी पेट्रोल जास्त पिते असं मीटर म्हणत होतं.

त्यांनी नळी काढून दुकानाच्या दारात धरली. हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के, शाळेतल्या पोरालाही ठाऊक. मीटर सव्वीस दाखवत होतं.

मग त्यांना आठवलं. कामाला लागण्यापूर्वी ही नळी मोकळ्या हवेत धरून बटण दाबायचं असतं, म्हणजे मीटरला कळतं की हवा म्हणजे काय. काल ते बटण त्यांनी दाबलं होतं, पण नळी आधीच्या गाडीच्या सायलेन्सरमध्येच राहिली होती. मीटरने धुरालाच हवा समजून घेतलं होतं, आणि पुढचा प्रत्येक आकडा, हवेतल्या ऑक्सिजनचा तसाच धुरात उरलेल्या पेट्रोलचाही, फुगवून सांगितला होता. पेट्रोल जास्त आहे, म्हणालं. त्यांनी कमी केलं. मेहुणा म्हणाला, आणखी कमी करा. त्यांनी आणखी कमी केलं. एकट्या चुकीने कदाचित निभावलं असतं, राखून ठेवलेल्या पेट्रोलने सांभाळून घेतलं असतं. तेच काढलं होतं.

पुढे काय होतं हे त्यांना क्रमाने माहीत होतं, आणि ते क्रमानेच डोळ्यांपुढे येऊ लागलं. आधी आवाज जरा कोरडा होतो, हेल्मेटमध्ये तो ऐकू येत नाही. मग पिस्टन धरतो, जागीच अडकतो. मग मागचं चाक जाम होतं. वेग तोच राहतो.

मेहुण्याला फोन लावला. वाजून बंद झाला. पुन्हा लावला. गाडीवर असलेला माणूस फोन कसा उचलणार? म्हणून बायकोला लावला, भाऊ निघाला का एवढंच आडून विचारायला. तिनेही उचलला नाही. तसे ते सायकल काढून घरी गेले. दाराला कुलूप होतं.

शेजारच्या मावशी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. "अहो, त्या गेल्या ना आईकडे. बस चुकली म्हणाल्या, भावाच्या गाडीवर बसून गेल्या. कसली ती गाडी, बाई, सगळी गल्ली थरथरली."

सावकाश जिन्याच्या पायरीवर बसले. आतापर्यंत ते एका माणसासाठी घाबरत होते.

दुकानात परतले तेव्हा औषधवाला कंटाळून उभा होता. सावकाशांनी लॅपटॉप आणि केबल पिशवीत कोंबली. "तुमची गाडी काढा. मला मोठ्या रस्त्याला न्या. मी मागे बसतो."

"तुम्ही? गाडीवर?"

"आणि जोरात चालवा."

औषधवाल्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता गाडी बाहेर घेतली.

मोठ्या रस्त्याचा सरळ पट्टा सुरू झाला तसे ते कडेची जमीन बघू लागले. काळा डाग, तुटलेला आरसा, चप्पल. बायको निघताना कोणती चप्पल घालून गेली, तेच आठवेना. पुढे माणसं जमलेली दिसली. औषधवाल्याने वेग कमी केला. सावकाशांनी डोळे मिटून घेतले आणि त्याच्या शर्टाला घट्ट धरलं.

"ट्रकचा टायर फुटलाय," औषधवाला म्हणाला. "उघडा डोळे. नाहीतर माझा शर्ट सोडा, गळा आवळला जातोय."

पट्टा संपला तिथल्या पेट्रोल पंपाशी मेहुण्याची लाल गाडी उभी होती. बायको बाकावर बसून कंबर चोळत होती. मेहुणा तोंड पाडून उभा होता. सावकाशांनी आधी गाडीची किल्ली काढून मुठीत घेतली, मग बायकोकडे पाहिलं.

"दाजी, तुम्ही इथे?" मेहुणा म्हणाला. "बरं झालं आलात. ही काही चालवू देत नाही. जरा पिळलं की पाठीत बुक्की. परत येताना एकटाच असेन, तेव्हा बघतो."

"ती सीट आहे की फळकूट?" बायको म्हणाली. "बसायचं की लटकायचं तेच कळेना."

सावकाशांनी पिशवीतून लॅपटॉप काढला. त्यांनी केबल जोडली, आकड्यांची जुनी फाइल शोधली आणि जास्तीचं पेट्रोल होतं त्याहूनही वाढवून ठेवलं. एक अक्षर तीनदा खोडावं लागलं. मग त्यांनी दोघांना सगळं सांगितलं, नळीपासून पिस्टनपर्यंत. मेहुण्याने गाडीकडे पाहिलं आणि तिच्यापासून एक पाऊल मागे सरकला.

बायकोने भावाकडे पाहिलं.

"मला काल रात्रीच कळलं," ती म्हणाली. "याने फोन करून विचारलं, ताई, साडेचारशे आहेत का, दाजींना द्यायचेत. कसले म्हटलं तर बोबडी वळली याची."

"मग तू..."

"मग काय करणार होते? हा ऐकतो का माझं? मागे माणूस बसला की तरी हात आखडतो."

"पण मावशी म्हणाल्या बस चुकली."

"बस कुठली चुकतेय. मी सोडली."

सावकाश बाकावर तिच्याशेजारी बसले. ती सरकली, पण थोडीच.

"अहो," ती म्हणाली, "यापुढे मला सांगितल्याशिवाय शटर ओढायचं नाही."

"नाही ओढणार."

ती बसने पुढे गेली. मेहुण्याने गाडी परत आणली, औषधवाल्याच्या मागे मागे, आणि दुकानात उभी करून चालत घरी गेला. सावकाशांनी दुसऱ्या दिवशी नळी उघड्या शटरपाशी, मोकळ्या हवेत धरली, बटण दाबलं आणि सगळं काम पहिल्यापासून केलं. त्याची मजुरी लावली नाही.

मेहुणा गाडी घेऊन गेला. आता ती शेवटी जड जाते, आणि तो तक्रार करत नाही.

साडेचारशे अजून यायचे आहेत.