राखाडीच सांग

आमच्या व्याह्यांनी गेल्या कित्येक वर्षांत एकही पदार्थ गरम खाल्लेला नाही. ताट वाढलं की ते हात वर करून "थांबा!" म्हणतात, आणि फोटो मनासारखा येईपर्यंत कोणी घास उचलायचा नाही. सिंगापुरातसुद्धा तूप थिजतं, हे मला मरीन परेडच्या त्यांच्या घरी कळलं. आमची नात पहिलं पाऊल टाकायला उभी राहिली तेव्हाही ते "थांबा!" असे ओरडले, की ती घाबरून खाली बसली, ती बरेच दिवस उठलीच नाही.

पण त्यांना नावं ठेववत नाहीत. सगळी नोकरी जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली. "जग फिरलो, विहीणबाई, पण जहाजाच्या पोटातून," असं ते मला एकदा म्हणाले. नॉर्वेजवळ डेकवरची माणसं नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे तिकडे रात्री आकाशात हलणारा उजेड, बघून नाचत होती, तेव्हा हे खाली पंप दुरुस्त करत होते. ती हुरहूर त्यांनी जपून ठेवली आणि निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन मुद्दाम तिकडे गेले.

परत आल्यावर टीव्हीवर फोटो लावले. सगळं आकाश कोथिंबिरीच्या चटणीसारखं हिरवंगार! आम्ही बघतच राहिलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्यांची बायको, म्हणजे माझ्या विहीणबाई, म्हणाल्या, "हिरवं कुठलं हो? राखाडी होतं. ओल्या लाकडाचा धूर निघतो ना, तसं."

"आजी, फोटोत ग्रीन आहे लाह!" नात तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

"कॅमेऱ्याला डोळ्यांपेक्षा जास्त दिसतं," व्याही म्हणाले.

"मग तुमच्या डोळ्यांना काय दिसलं?"

व्याह्यांनी घाईघाईने पुढचा फोटो लावला. कॅमेऱ्याचे तीन पाय बर्फात रोवण्यात आणि बधिर बोटांनी बटणं दाबण्यात त्यांनी मान वर केलीच नव्हती. दुसऱ्यांदाही ते इंजिनरूममध्येच राहिले होते.

तेव्हापासून रविवारी आमची जेवणं उरकली की ते हळूच म्हणतात, "सांग गं, कसं होतं?" विहीणबाई हात हलवत सांगतात, "आधी नुसता धुरासारखा एक पट्टा. मग कोणी पडदा झटकावा तसा हलला. मी तुम्हाला हाक मारली, तर तुम्ही म्हणालात, थांब."

परवा त्यांना नवऱ्याची दया आली असावी. सांगता सांगता म्हणाल्या, "थोडा हिरवाही होता बहुतेक."

व्याह्यांनी मान हलवली. "नको. राखाडीच सांग."

आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. विहीणबाई पुन्हा पहिल्यापासून, त्या धुरापासून, सांगू लागल्या.